समुद्राकडे पाठ

तेव्हा मुंबईहून रत्नागिरीला आम्ही बोटीने जायचो. अख्खा मे महिना मावशीकडे आणि रोजची संध्याकाळ मांडवीच्या वाळूत. सुट्टीला आलेली सगळी मंडळी समुद्राकडे तोंड करून वारा खात बसायची. एक खारवीण मात्र समुद्राकडे पाठ करून बसायची. शेजारी मासळीची रिकामी पाटी, तोंडात पान आणि नजर गावातल्या माडांवर. नवरा आणि मुलगे होडी घेऊन गेलेले असायचे. मागे कुणी "होडी आली, होडी आली" म्हणून ओरडलं, तरी ती मान वळवायची नाही. होडी वाळूला घासल्याचा आवाज आला की मगच पाटी उचलून उठायची.

एकदा मला राहवेना. विचारलंच, "काकी, अशा उलट्या का बसता?"

ती हसली. "वाट बगत बसला का दर्या मुद्दाम येळ लावतो, बाय. आपण बगतच नाय, तर छळील कोणाला?"

मला ते अगदी खुळचट वाटलं.

सुट्टी संपली. लांब उभ्या असलेल्या बोटीकडे आम्ही पडावातून निघालो. बंदरावर मावशी डोळे पुसत हात हलवत होती. त्या दिवशी खारविणीची माणसं घरीच होती, होडी वाळूत ओढून ठेवलेली. तरी ती आली होती. पडाव सुटेपर्यंत उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग तिने पाठ फिरवली आणि सावकाश वाळूत बसली.

ती पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले.