हलक्या हाताची बाई

आई बीडच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. बायकांच्या वॉर्डात रोज सकाळी एक मावशी यायच्या. साठीच्या, विटक्या हिरव्या लुगड्यातल्या. पिशवीत फणी आणि खोबरेल तेलाची बाटली. ज्या बाईजवळ कुणी नसेल तिच्या उशाशी बसून केस विंचरायच्या. गुंता आला की दुखू नये म्हणून बट वरच्या बाजूला चिमटीत धरायच्या आणि आपल्याशीच गुणगुणायच्या. सगळ्या बायका कण्हतायत आणि यांना गाणं कसं सुचतं, अशी मला चीडच यायची.

मी आईजवळ असायचे, पण फोनवर. तिसऱ्या दिवशी मावशींनी आईचेही केस हातात घेतले. मला सुटल्यासारखं वाटलं.

"कशाला करता हो हे?" मी एकदा विचारलं.

"घरी माझी वाट बघणारं कुणी न्हाई," त्या हसून म्हणाल्या. "हितं चार जणी बघत्यात. लई बरं वाटतं, बाई."

घरी निघताना आई म्हणाली, "त्यांचं नाव-गाव इचारून घे." मी हो म्हटलं आणि रिक्षा बोलावली.

चार महिन्यांनी आईने पुन्हा अंथरूण धरलं. "त्या बाईला आण गं," एवढंच म्हणायची. मी वॉर्डात जाऊन आले. मावशी येईनाशा झाल्या होत्या आणि त्यांचं नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

मग मीच फणी घेऊन बसले. थोड्याच वेळात आईने माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या हाताला घाई हाय."