आप्पांची केबिन

कुंदाचे डोळे मिटत आलेत, पण नाक जागंच आहे.

दुपारचं ऊन पत्र्यावर तापतंय. कराडबाहेरच्या एका शेडमध्ये जुनी आरामबस उभी आहे आणि ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीवर ती आडवी झाली आहे. नवरा, दिनकर, गॅरेजवाल्या रफिकभाईंना घेऊन जेवायला गेलाय. कुंदाला अन्नाचं नावही नको झालंय.

बसचा मागचा भाग आता घर झालाय. पलंग आहेत, ओटा आहे, खिडक्यांना पडदे आहेत. गाडी ती स्वतःच चालवणार, म्हणून केबिनमध्ये सीट तिच्या उंचीच्या बेताची करायची आणि शेजारी हात धुवायला छोटं बेसिन बसवायचं, एवढंच काम उरलं होतं. पण सकाळी तिने रबराची मॅट उचलली आणि कोरडा उमासाच आला. खाली तंबाखूचा वाळका लगदा, केस, झुरळांची अंडी. सीटचा फोम घामाने काळा पडून चिकट झालेला. आणि या सगळ्यावर मुताचा जुनाट, आंबट दर्प. सीटच्या मागे खुपसलेली एक प्लास्टिकची बाटली निघाली. तिच्यात काय आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही.

ही गाडी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, उभी हयात चालवली. ते गेल्यावर मालकाने ती भंगारात काढली तेव्हा कुंदाने हट्टाने घेतली. आणि आता तिला आप्पांचीच शिसारी आली होती. सगळं कापून फेका, इथलं काही ठेवू नका, असं तिने रफिकभाईंना सांगून टाकलं होतं.

फळी हलते. गाडी चालू आहे, मात्र आवाज नाही. सीटवर आप्पा बसलेत. काचेपलीकडे पुण्याचा रस्ता आहे, मग तोच रस्ता त्यांच्या जुन्या माजघरातून जातो. दोन्ही बाजूंनी फडताळं मागे सरकतात, पाटावर जेवणारी माणसं ताट उचलून वाट देतात. कुंदाला त्याचं नवल वाटत नाही. तिला फक्त वास येतो.

आप्पा खाली मॅटवर थुंकतात. पिंक तिच्या पायाच्या बोटांवर कोमट लागते.

"आप्पा, खाली काय थुंकता?"

"खिडकीतून थुंकलं की मागच्या पॅसेंजरवर उडतं."

पायाखालचा पत्रा मऊ पडत चाललाय, एखाद्याच्या तोंडात उभं राहावं तसा. ती पाय आखडून घेते आणि बाटलीचं विचारते. आप्पा सांगतात, गाडी ठरल्या ढाब्यावरच थांबवायची, असा मालकाचा दंडक होता. मधेच ड्रायव्हरला लागली तर ते ड्रायव्हरने बघायचं. तरुणपणी निभावलं, पुढे पुढे धरवत नव्हतं.

"चालत्या गाडीत?"

"घाटात नाही. सरळ रस्ता लागला की."

हे ते इतकं साधं सांगतात की कुंदाला भडभडून येतं. किळस आहेच, पण ती आता नेमकी कुणाची आहे हे तिला कळेनासं होतं.

"घरी तर तुमच्या कपड्यावर कधी डाग नसायचा."

"स्टँडच्या नळावर अंग घासूनच यायचो. तुम्हा पोरींना हात लावायचा म्हणजे..." आप्पा गिअर टाकतात. "मलाच माझी किळस यायची, कुंदे."

आता स्टेअरिंग कुंदाच्या हातात आहे. गाडी नदीपात्रात वाळूवर उभी आहे आणि तिचे पाय लोंबकळताहेत. आप्पा वाकून सीट पुढे ढकलतात.

"पोचतात का पाय?"

"पोचतात."

"मग कापून टाक सगळं. मी कशाला काय म्हणतोय."

इथे बेसिन येणार आहे, असं ती सांगते.

"ड्रायव्हरला बेसिन," आप्पा म्हणतात आणि हसतात. दातांच्या फटींत काळं साचलंय. मग ते हात पुढे करतात. नखांत मळ, बोटांना तंबाखू, तळव्याला ग्रीस. तो न धुतलेला हात ते तिच्या गालावर ठेवतात. कुंदाच्या घशाशी आंबट येतं. ती श्वास रोखते, पण तोंड फिरवत नाही.

दिनकर हाक मारतोय.

ती दार ढकलून खाली उडी मारते आणि चाकाशी बसून ओकते. दिनकर पाठीवर हात फिरवतो, तांब्यातून तिच्या ओंजळीत पाणी ओततो.

"गालाला काय लागलंय गं?" तो विचारतो.

ती बाजूच्या आरशात बघते. चार काळपट पट्टे आणि हनुवटीजवळ अंगठा. झोपेत आपलाच हात लागला असेल म्हणून ती त्यांवर आपली बोटं ठेवून पाहते. ठसे जाड आहेत, तिची बोटं त्यांत बुडून जातात. वास घेते. तंबाखू.

ती चूळ भरते, डोळ्यांना पाणी लावते, ओठ पुसते. गाल तेवढा कोरडा ठेवते.