परबकाकांनी न घेतलेलं मत

परबकाका आमच्या डिलाईल रोडच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष होते. जिन्याला कुठला रंग लावायचा, गच्चीवर पापड घालायचे की नाही, काहीही असो, ते सगळ्यांना पटांगणात गोळा करायचे आणि म्हणायचे, "हात वर करा बघया!" एकदा त्यांच्याच दारातली तुळस लोकांच्या वाटेत येते म्हणून मत घेतलं गेलं. काका हरले. त्याच संध्याकाळी त्यांनी कुंडी उचलून गच्चीवर नेली. घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच.

त्यामुळे माझा प्रश्नही सभेत न्यावा असं सासूबाईंना वाटलं, यात नवल नाही. मुलगी अजून अंगावर पीत होती आणि मला पुन्हा दिवस गेले होते. मला ते मूल नको होतं. नवरा कसाबसा तयार झाला, डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. नवरात्र चालू होतं, आणि त्याच संध्याकाळी महाप्रसादासाठी भरलेल्या सभेत सासूबाई उठून म्हणाल्या, "ही पोट पाडायला निघालीय. सगळ्यांना विचारा. चाळ म्हणेल तसं करू."

"घ्या मत," नाईक मास्तर म्हणाले. दोन-तीन हात तर विचारायच्या आधीच वर गेले. त्यातला एक रोज माझ्याकडून विरजण नेणाऱ्या शेजारणीचा. मला संताप आला, त्याहून जास्त भीती वाटली. हात वाढले असते तर नवरा फिरला असता, हे मी ओळखून होते.

"हात खाली करा," काका म्हणाले. "ह्यो सभेचो विषय न्हय."

"का? मग तुळशीचा कसा होता?" मास्तरांनी विचारलं.

"तुळस सगळ्यांच्या वाटेत होती, मास्तर. हिचा पोट कोणाच्या वाटेत इला?"

विषय तिथेच संपला. जिन्यात काकांनी मला थांबवलं. मला वाटलं, धीर देतील.

"माका विचारशीत तर नको करू. माका ह्या पटणा नाय," ते म्हणाले. "पण ता माझा मत. माझो हात मी खिशात ठेवलंय."

मला त्यांचा रागच आला. काका गेल्या वर्षी गेले; तो राग त्याच्या कितीतरी आधी ओसरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून परतले, तर पटांगणातल्या देवीपुढचा, एरवी दिवसभर वाजणारा स्पीकर बंद. काका बटणाजवळ खुर्ची टाकून बसले होते. पोरं त्यांच्याभोवती कुरकुरत होती, "काका, निदान मत तरी घ्या!"

"आज मत नाय," काका म्हणाले.

मी वर गेले, दार लावलं आणि संध्याकाळपर्यंत झोपले.