सुखदेवजींचं भेव

त्या मंगळवारी दुपारी एकशे एकचा फोन वाजला आणि मी सवयीनं म्हटलं, "अग्निशमन केंद्र, बोला." पलीकडून कोणी बोललंच नाही. नुसता एका बाईचा श्वास, आणि त्याच्या मागे दुसरा एक श्वास, घरघरणारा, अडखळणारा... इतकी वर्षं या खुर्चीवर बसल्यावर एवढं कळतं की अशा वेळी घाई करायची नसते. मी म्हटलं, "घाबरू नका, कुठं आग लागली तेवढं सांगा." तेव्हा आवाज आला, "मायाताई, आग नाही लागली. हे उठून नाही राहिले." ती शीलावहिनी होती. आमच्या केंद्रातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सुखदेव रामटेके यांची बायको. अॅम्ब्युलन्सचा नंबर तिच्या फोनमध्ये होता, पण त्या घरात सगळ्यांनी आयुष्यभर एकच नंबर ऐकलेला, तिच्या बोटांनी तोच लावला. मी अॅम्ब्युलन्स पाठवली, वहिनीला फोनवर बोलतं ठेवलं, आणि तो मागचा श्वास ऐकत राहिले. तो कधी थांबला ते मला कळलं, तिला कळलं नाही. मी तिला सांगितलं नाही. "गाडी आलीच वहिनी, दार उघडून ठेवा," एवढंच म्हणत राहिले. धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मला वीस मिनिटं आधीच माहीत होतं.

याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशीच्या वर्दीची नोंद माझ्याच अक्षरात आहे. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक बातमीला वर्दी म्हणतात, मग ती आगीची असो, नाल्यात वाहून गेलेल्या माणसाची असो, की झाडावर अडकलेल्या मांजराची. मी वर्दी घेते, घंटा दाबते, गाडी निघते. माझं काम तिथं संपतं असं लोकांना वाटतं. खरं तर भीतीचं काम तिथून पुढंच सुरू होतं. बंबावरची माणसं निदान काय समोर आहे ते पाहतात तरी. मला दिसत काहीच नाही. वायरलेसवर खरखर येते, अर्धवट शब्द येतात, मग बराच वेळ काहीच येत नाही. त्या न येण्यात मी सव्वीस वर्षं काढली आहेत.

सुखदेवजी लीडिंग फायरमन होते, गाडीवरच्या जवानांचे प्रमुख. काळेसावळे, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस पोस्टात शोभला असता. केंद्रात त्यांची ख्याती विहिरीची. आगीला जायला सगळेच तयार असतात, पण विहिरीत उतरायचं म्हटलं की पोरं एकमेकांची तोंडं पाहतात. अशा वेळी सुखदेवजी न बोलता कमरेला पट्टा बांधायला लागत. सगळे म्हणत, रामटेकेंना भेव माहीतच नाही. मीही म्हणत असे. आमच्या नागपुरात भीतीला भेव म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्यासाठी नाहीच असं आम्ही गृहीत धरलं होतं.

मी गाडीला वर्दी कळवताना मात्र ते मला फार त्रास देत. गाडी गेटबाहेर पडत नाही तोच वायरलेसवर त्यांचा प्रश्न, "अजून काय म्हणाला तो?" मी सांगायची, गोडाऊनला आग आहे, पत्ता अमुक. "ते समजलं वं. बोलला कसा? वरडत होता का रडत होता?" मला चीड येई. फोनवर ओरडणाऱ्या माणसाच्या बोलण्यातून कामाचं तेवढं वेचायचं, हेच तर मला शिकवलेलं. पत्ता, प्रकार, किती माणसं. बाकीचा आक्रोश रजिस्टरच्या रकान्यात बसत नाही.

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी बाराची वेळ. खिडकीला ओले पडदे लावले तरी कंट्रोल रूम भट्टीसारखी तापलेली. खापरखेड्याच्या रस्त्यावरून एका बाईचा फोन आला. ती धावत सडकेपर्यंत आली असावी, तिचा दम पुरत नव्हता. विहिरीतला गाळ काढायला म्हणून आत डिझेल इंजिन उतरवलं होतं, एवढं तिनं सांगितलं. "माहे दोघं विहिरीत पडले वं बाई! हालूनच नाही राहिले! माहे दोघं, अन्..." आणि फोन कटला. मी परत लावला, कोणी उचलला नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, विहिरीत दोन इसम बेशुद्ध. घंटा दाबली.

इंजिनाचा धूर विहिरीत साचतो. त्यातला विषारी वायू ना दिसतो, ना त्याचा वास येतो. उतरलेला माणूस बसल्या जागी लुढकतो, त्याला काढायला गेलेलाही लुढकतो. म्हणून आमची माणसं पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क लावून उतरतात. त्या दिवशी सुखदेवजी आणि एक जवान असे दोघं उतरले. काठावर आमचे ड्रायव्हर नत्थूजी होते. त्यांच्या हातातल्या वॉकीटॉकीचं बटण घामानं की घाईनं दाबलेलंच राहिलं, आणि विहिरीच्या काठावरचं सगळं माझ्या खोलीत येऊ लागलं. दोराचा करकर आवाज, गोळा झालेल्या वाटसरूंचा गोंगाट, "ओढा, ओढा!" पहिला माणूस वर आला. चाळिशीच्या पुढचा, गेलेला. मग दुसरा, त्याचा मुलगा, वीस-बाविसचा, नाडी लागत होती. त्याला वर काढेपर्यंत जवानाची टाकी संपली. सुखदेवजींच्या टाकीची शिट्टीही वाजायला लागली. हवा संपत आली की ती टाकी आपोआप शिट्टी वाजवते, बारीक, चिरकी. मला ती इथं ऐकू येत होती.

ते वर आले. मास्क काढल्याचा आवाज आला, मग खोकला. मी खुर्चीला टेकले. दोघं होते, दोघं निघाले. तेवढ्यात नत्थूजींचं दाबलेलं बटण सुटलं आणि त्यांच्याच वॉकीटॉकीवर सुखदेवजींचा आवाज आला, "कंट्रोल, किती म्हणाली होती बाई?"

मी म्हटलं, "दोन."

"तिचे शब्द सांग."

"तुम्ही तिलाच विचारा ना."

"थे सडकेवरच बेशुद्ध पडली. इथं कोणालेच काई माहीत नाही. तू सांग, कशी बोलली?"

आता जे लिहिते आहे ते मी आजवर एका माणसाशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. मला सगळं आठवत होतं. तो 'अन्' माझ्या कानात तसाच होता. पण त्या शिट्टीचा आवाजही होता. मी 'दोनच' म्हटलं असतं तर ते परत उतरले नसते. रजिस्टरमध्येही दोनच होते. कोणी मला विचारलं नसतं... किती वेळ गेला माहीत नाही, चार-पाच सेकंद असतील. माझा हात बटणावर होता आणि ते मी दाबत नव्हते.

मग मी दाबलं. म्हटलं, "माहे दोघं, अन्... असं म्हणाली. अन् म्हणाली आणि फोन कटला."

मग ते म्हणाले, "अन् मंजे तिसरा हाय."

मी जवळजवळ ओरडले, "दुसरी गाडी निघाली आहे, भरलेल्या टाक्या घेऊन. वीस मिनिटं थांबा!"

"वीस मिनिटं त्याच्यापाशी नाहीत, ताई."

आणि ते उतरले. नत्थूजींनी या वेळी बटण मुद्दाम दाबून धरलं. का ते मला तेव्हा कळलं नाही, मला वाटलं माझा छळ करतात. शिट्टी सुरुवातीला मोठी होती, मग दोरासोबत खाली खाली जात बारीक झाली. नत्थूजी वरून हाका मारत होते, "रामटेके! रामटेके, बोला!" उत्तर नाही. माझ्या टेबलावर दुसरे दोन फोन वाजत होते, मी ते उचलले, वर्द्या लिहून घेतल्या, अक्षर सरळ आलं आहे, आजही पाहता येतं. आणि मग ती शिट्टी थांबली.

शिट्टी थांबली म्हणजे हवा संपली.

पंखा फिरत होता, ओल्या पडद्यातून पाणी टपकत होतं, आणि मला वाटत होतं, मी एका शब्दानं माणूस मारला. एक शब्द गिळला असता तर तो संध्याकाळी डबा हलवत घरी गेला असता. वहिनीला मी काय सांगणार होते? बाई 'अन्' म्हणाली म्हणून? ती 'अन् लवकर या' म्हणत असेल तर? विहिरीत तिसरा नसेलच तर?

मग एकदम दहा-बारा माणसांचा आवाज, दोराची करकर, आणि नत्थूजी रडत-हसत बोलले, "कंट्रोल! तिसरा भेटला! इंजिनच्या मांगं, कोनाड्यात दडपला होता. जित्ता हाय!" मी विचारलं, "आणि रामटेके?" ते म्हणाले, "आनतो, आनतो, वर आनून राहिलो..." सुखदेवजींना शुद्ध नव्हती. त्यांनी तिसऱ्याच्या कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून खूण केली, आणि स्वतःच्या पट्ट्याच्या दोरावर लटकून राहिले होते. तो तिसरा त्या बाईचा सख्खा भाऊ होता. भाऊजी आणि भाचा पडलेले पाहून उतरला आणि तिथंच आडवा झाला. बाईचा नवरा गेला. मुलगा आणि भाऊ वाचले.

पाच दिवसांनी सुखदेवजी दवाखान्यातून सुटले आणि घरी जायच्या आधी कंट्रोल रूममध्ये आले. मी चहा दिला. कप त्यांनी घेतला तेव्हा चहा बशीत सांडला. त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "मी 'दोनच' म्हणणार होते, भाऊ. मला सांगायचंच नव्हतं."

ते म्हणाले, "मले मालूम हाय. तू थांबली होती ना, तवा समजलं मले." आणि पुढं, "तू दोन सांगतल्यावरही मी परत काहून इच्यारलं, सांगू? तू 'दोनच' म्हणशीन असं वाटत होतं. तू म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. मले परत उतरायचं नव्हतं वं बाई. मले विहिरीचं लय भेव लागते. पयल्या दिवसापासून. उतरायच्या आधी मी गाडीच्या मांगं जाऊन ओकतो. नत्थूले मालूम हाय, बाकी कोणालेच नाही."

ज्या माणसाला भेव माहीत नाही असं सारं केंद्र म्हणत होतं, तो माझ्यासमोर बशीतला सांडलेला चहा बोटानं पुसत बसला होता. उठताना म्हणाले, "रजिस्टरमधी जे लिवलं ते राहू दे. कोणाले सांगाची गरज नाही. पण आता माणूस जसा बोलन, तसाच लिवत जा." दारातून परत वळले आणि हसले, "अन् नत्थूनं बटण काहून दाबून धरलं, ठाऊक हाय? मीच सांगतलं होतं. म्हटलं, खाली काई झालं तर कोणीतरी ऐकत असलं पायजे."

त्या विहिरीनंतर त्यांची छाती कधी पूर्ववत झाली नाही. दोन जिने चढले की थांबत. तरी निवृत्तीपर्यंत ते विहिरीत उतरले, आणि प्रत्येक वेळी उतरायच्या आधी त्यांचा आवाज येई, "कंट्रोल, ऐकून राहिली ना?" मी म्हणे, "ऐकून राहिले, भाऊ." बाकीच्यांना वाटे, ही वायरलेसची तपासणी आहे. आम्हा दोघांना माहीत होतं, तिकडे एक माणूस घाबरलेला आहे आणि इकडे एक बाई घाबरलेली आहे. मला त्यात एक विचित्र आधार वाटायचा. एकटीनं घाबरण्यापेक्षा ते बरं होतं.

सुखदेवजींच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीचा, कार्यक्रम झाला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, वंदना झाली, जेवणं झाली, वहिनीशी नीट बोलता आलं नाही. म्हणून परवाच्या रविवारी सकाळी मी पुन्हा गेले. दार उघडं होतं. वहिनी आतल्या खोलीत खिडकीपाशी उभी होती, हातात शिवणयंत्राच्या तेलाची कुप्पी. आमच्याकडे चोरांच्या भीतीनं सगळ्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या ठोकून टाकतात. त्या खिडकीची जाळी मात्र मधोमध कापून तिला बिजागऱ्या लावलेल्या होत्या आणि आतून एक साधी कडी. वहिनी म्हणाली, "यांनी लग्नाच्या साली कापून घेतली. सासरे लय बोलले होते, चोराले रस्ता करून राहिला का म्हणून. यांनी ऐकलं नाही. रविवारी आंघोळ झाली का पयले हे काम. तेल टाकत, चार खेपा उघडून पाहत, मंग चहा. मी हसत होती. म्हणत होती, अवो बाप्पा, आपल्या घराले कवा आग लागून राहिली?"

तिनं दोन्ही बिजागऱ्यांवर तेलाचे थेंब सोडले, पदरानं टिपले. कडी काढली आणि जाळी ढकलली. ती आवाज न करता बाहेर गेली. खाली शेजाऱ्यांचं अंगण होतं, बाजेवर गहू वाळत होते, उन्हाची झळ आत आली. वहिनीनं जाळी ओढून घेतली. परत उघडली. परत लावली. तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती.

चौथ्यांदा उघडल्यावर तिनं ती तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आता मलेही भेव लागते, ताई." मग कडी लावली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.