विलीन झालेली युनिव्हर्सिटी आन वासुदेवकाका

मांगच्या वर्षी आजच्याच दिवशी मी फोनवर खोटं-खोटं रडलो.

तिकडून ऐकणारा माणूस त्याच दिवशी गेला.

ही पोस्ट सगळ्याइले दिसत नाई. ज्याइनं तवा माया स्टेटस पाह्यला होता, फक्त त्याइलेच दिसून राह्यली. म्हणून पुरी वाचा.

वासुदेवकाका म्हणजे आपल्या अक्ष्याचे बाबा. मूर्तिजापूरले टेलर.
अक्ष्या फिनलंडले शिकाले गेला तवापासून काका माप घेता घेता गिऱ्हाइकाले त्याच्या युनिव्हर्सिटीचा इतिहास सांगत.

"आधी दोन होत्या. एक इंजिनिअरिंगवाल्याइची, एक बाकीच्याइची. सरकारनं जोडून एक केली. अशी."
आन दोन कापडं मशीनखाली सरकवून दाखवत.

गिऱ्हाईक म्हणे, "काका, पँटीले चेन लावा आधी."

काकाले तिथलं सगळं पाठ. पोट्टे बॉयलर सूट घालून फिरतात, जशी ब्रँच तसा रंग, आन त्याच्यावर कापडी बिल्ले शिवतात. मे महिन्याच्या एक तारखेले गोंड्याची पांढरी टोपी घालतात. वाफेच्या खोलीत उघडे बसतात आन तिथून पळत जाऊन बर्फाच्या तळ्यात उडी.

अक्ष्याचा बॉयलर सूटवाला फोटो पहिल्यांदा आला तर काकू घाबरली. "पोरगं ग्यारेजात लागलं वाटते."
काका व्हिडिओ कॉलवर म्हणे, "अबे, बिल्ला चिटकवला काय तू? टेलरचं पोरगं ना बे तू?"

आन तिथं नव्या पोट्ट्याइची मस्करीची स्पर्धा असते. हो, मस्करीची. म्हणलं, लेका, मी चुकीच्या देशात जन्मलो.

त्या स्पर्धेसाठीच अक्ष्याचा फोन आला.
"भाऊ, इथले इंजिनिअरिंगवाले अजून जुन्या नावासाठी रडतात. आमची टीम त्या नावाले श्रद्धांजली वाहून राह्यली. मराठीत बॅनर बनवून दे. लिही, मर्ज झाली."

मी अमरावतीले फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, तुमाले माहीत हाये. मर्जले मराठीत का म्हणतात ते मले येत नव्हतं. शेठनं सांगतलं, विलीन.

आता आमच्या दुकानात विलीन हा शब्द एकाच टाइपच्या बॅनरवर येते.
हातानं आपोआप त्याच्या आधी 'अनंतात' टाइप केलं.

अक्ष्याले बिल्डिंगचा फोटो लावून पाठवलं. खुश झाला.

मंग मले किडा चावला.
बिल्डिंग काढली. फुलाच्या गोलात अक्ष्याचा गोंड्याच्या टोपीवाला फोटो बसवला. युनिव्हर्सिटीचं नाव खाली, बारीक इंग्रजीत. ठेवलं स्टेटसले.

तुमी सगळे हसले होते. कोणी तर विचारलं, तेरवीले बुंदी हाये का जिलबी.

काका माया स्टेटस पाहतात हे माया ध्यानातच नव्हतं.

त्याइनं आधी अक्ष्याले फोन लावला. अक्ष्या टीमसोबत वाफेच्या खोलीत, फोन बाहेर कपड्यात.
मंग मले लावला.

"पप्या, हे का टाकलं तू? अक्षय कुठी हाये? फोन उचलून नाई राह्यला तो."

तवाच सांगाले पाह्यजे होतं. मले वाटलं, थोडंसं खेचू.
मी रडायचा आवाज काढला. "काका, आता का सांगू तुमाले..."

फोन कटला.

मी हसत होतो. मंग परत लावला, तर बिझी. परत लावला, बिझी. मंग लागलाच नाई. दुकानात वाढदिवसाचं बॅनर घ्याले पोट्टे उभे होते. म्हणलं, नंतर सांगतो. स्टेटस काढून टाकला.

काका अमरावतीच्या गाडीसाठी निघाले होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बाकड्यावर बसले ते उठलेच नाई.

डॉक्टर म्हणे, हार्ट पहिलेपासूनच कमजोर होतं.
हे मी रोज स्वतःले सांगतो. पटत नाई.

अक्ष्या आला तर मी बडनेऱ्याले स्टेशनवर घ्याले गेलो. उतरल्या उतरल्या म्हणे, "बाबाचा शेवटचा लागलेला फोन तुलेच हाये. का म्हणले रे ते?"

माया तोंडून निघालं, "म्हणे, अक्षयले सांग, कान झाक."

हे माई माय मले म्हणते, गाडीवर निघालो का. दुसरं काही सुचलंच नाई.
अक्ष्या गळ्यात पडला. गाडी निघून गेली, प्लॅटफॉर्म मोकळा झाला, तरी सोडे ना.

आता त्यानं तिकडं त्याचा बिल्ला बनवला. बॉयलर सूटवर, छातीपाशी, मराठीत. 'कान झाक'.
थंडी वाढली का पुऱ्या कॅम्पसमधले गोरे पोट्टे एकमेकाले म्हणतात, कान जाक.
आज सकाळी त्यानं व्हिडिओ टाकला. सगळी टीम बर्फात उभी, एका आवाजात. खाली लिहिलं, बाबाचे शेवटचे शब्द.

मी लाइक केलं. का करू.

पुढच्या महिन्यात तो येऊन राह्यला. म्हणे, "आईले एकदा तुया तोंडानं सांग, बाबा कसे बोलले."

आन काकू. परवा वर्षश्राद्धाचं बॅनर द्याले गेलो होतो. चहा ठेवता ठेवता म्हणे, "काहून रे पप्या, तुये काका त कान झाक कधी म्हणतच नव्हते. मफलर गुंडाळ म्हणत."
"घाईत असन, काकू."
"घाईत त होतेच. एक चप्पल माई अन् एक त्याइची घालून निघाले. कायची घाई होती, तुले नाई म्हणले?"

मी चहा तसाच ठेवून उठलो. काकू पाहून राह्यली होती.

तवापासून फोन वाजला का आधी नंबर पाहतो. मूर्तिजापूरचा नंबर असन तर उचलतच नाई.

कोणापाशी तो स्क्रीनशॉट असन तर डिलीट करा. मोबाइलनं आठवण म्हणून वर काढला तरी कोणाले पाठवू नका. आज तर नाईच नाई.

मी मायासाठी म्हणून राह्यलो, खोटं कायले बोलू. मले भेव लागते. पण अक्ष्यापाशी बाबाचं तेवढंच एक वाक्य हाये. ते बी माया मायचं.

काका, तुमाले हात जोडतो. माफी मांगाची हिंमत नाई.

आन पोस्ट वाचणाऱ्याइनो, तुमा सगळ्याइच्या पाया पडतो. अक्ष्याले सांगू नका. काकूले त बिलकुल नका. कोणालेच सांगू नका.