अर्धा स्वर खाली

एडगर थ्वेटला नव्या ख्रिसमसगीतांचा तिटकारा होता. "बाळ जन्मलंय की गोठलंय?" असं तो दर डिसेंबरात विचारायचा. जिकडेतिकडे बर्फ, जिकडेतिकडे शांतता, आणि चाल अशी की गोगलगायीलाही वाटेत डुलकी लागावी.

हॅल्डनथॉर्पच्या गिरणीत त्याने चाळीस वर्षं बॉयलर सांभाळले, आणि एकतीस वर्षं गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. दोन्हीकडे विद्या एकच: दाब उतरला की काटा हलण्याआधी कानाला कळतं.

गायकवृंदाचा नवा संचालक पिअर्स लॅथम स्वतःच गाणी रचायचा. यंदाच्या गाण्यात तीन पानं नुसते गळे, आणि शेवटच्या कडव्याला एकदम ऑर्गन. तालमीतच एडगर म्हणाला, "पोरा, तीन पानं आधाराशिवाय? घसरतील रे."

"माझी माणसं घसरत नाहीत, मिस्टर थ्वेट. तुमचा प्रवेश चुकला, तर मात्र जानेवारीत मला तरुण वादक शोधावा लागेल."

जाहिरातीचा मसुदा तयारच होता. फाइलीच्या पारदर्शक कव्हरात, सगळ्यांना वाचता येईल असा.

"मेल्याला लाज नाही," खालच्या सुरात गाणारी डोरीन खालच्याच सुरात म्हणाली.

रविवारी चार वाजता चर्च गच्च भरलं. एडगरने सुरुवातीचा स्वर दिला आणि हात मांडीवर ठेवले. दुसऱ्या पानावरच घसरण लागली. तिसरं पान संपता संपता, पांढरी दोनमध्ये सुरू झालेलं गाणं अर्धा स्वर खाली, काळी एकवर येऊन बसलं होतं. डोक्यावरच्या आरशात त्याला पाठीमागे उभ्या लॅथमचा चेहरा दिसला, चुना फासल्यासारखा. त्यालाही ऐकू आलं होतं तर!

लिहिलंय तसं पांढरी दोनमध्येच वाजवलं, की या शहाण्याच्या गाण्याचे गावासमोर धिंडवडे. ऑर्गनची बैठक जाईल, जाऊ दे. एडगरची बोटं शिवशिवली.

पण आरशात डोरीनही होती. डोळे मिटून, त्या भिकार ओळींवर जीव ओतत होती.

'या गाढवासाठी नाही,' एडगर मनात म्हणाला, आणि अख्खं कडवं त्याने अर्धा स्वर उतरवून वाजवलं.

नंतर नाताळातले गोड मिन्स पाय खाताना लॅथम चारचौघांत सांगत होता, "पाहिलंत? तसूभर घसरले नाहीत!"

"पुढच्या वर्षी काळी एकमध्येच लिही," एडगर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हणजे घसरून पांढरी एकवर येतील, आणि मला काळ्या पट्ट्या तरी तुडवाव्या लागणार नाहीत."

डोरीनला ठसका लागला. लॅथमने फाइल उलटी करून काखेत मारली.

"जानेवारीत... तालमीला याल ना, मिस्टर थ्वेट?"

"येतो की. तुला सांभाळणार कोण?"