रांगेबाहेरचा हूक

"मुकादम, तेवढं सोडून काहीही सांगा." हे म्हणताना तो डोक्याचा पंचा काढून खांद्यावर टाकायचा आणि खाली बघायचा. वर बघून नाही म्हणाला असता, तर मला भांडता तरी आलं असतं.

मार्केट यार्डात भुसार मालाच्या गाळ्यांवर आमची हमालांची टोळी. मुकादम मी. तो नगरकडचा, ख्रिस्ती, बापाच्या वेळेपासून. पोत्याला हूक असा लावायचा की दाणा सांडायचा नाही. व्यापारी त्यालाच मागायचे.

खंडेनवमीला आम्ही सगळ्यांचे हूक धुऊन ओळीनं मांडतो. हळदकुंकू, फुलं, नारळ. तुम्ही त्या सकाळी आला असतात तर चक्रावला असतात. सगळ्यांच्या आधी येऊन गाळा झाडणारा हा, शिडीवर चढून झेंडूचं तोरण बांधणारा हा. आणि पूजा सुरू झाली की स्वतःचा हूक घेऊन बाहेर टेम्पोपाशी उभा.

"तोरण चालतं, मग हुकानं काय घोडं मारलंय रे?" मी विचारायचो.

"तोरण शोभेचं आहे, मुकादम. हात मी एकालाच जोडतो."

"अरे, हा हूक तुला पोटाला घालतो!"

"घालणारा तोच."

मला हे कळायचं नाही. मी चौथी शिकलेला. पण पुढं शिकलो असतो तरी कळलं असतं, असं वाटत नाही.

टोळीतले त्याला 'फादर' म्हणायचे. "फादर, पाऊस थांबवा की जरा!" तो हसून म्हणायचा, "तुम्ही आधी पोती झाका."

गेल्या वर्षी तांदळाची थप्पी कोसळली आणि आमच्यातल्या एकाचा पाय मोडला. त्याला पाठीवर घेऊन गेटपर्यंत पळाला तो हाच. तरी कुजबुज सुरू झाली, एक हूक पूजेविना राहतो म्हणून हे झालं. यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे माझ्यापुढे बसले. हूक रांगेत नाही, तर माणूस टोळीत नाही.

मी त्याला बाजूला घेतलं. "नुसता ठेव. नमस्कार करू नकोस. पन्नाशी उलटल्यावर कुठं जाशील?"

त्यानं पंचा खांद्यावर टाकला.

सकाळी तोरण बांधून तो नळावर हात धुवायला गेला. हूक खिळ्याला होता. मी काढला, कुंकू लावलं आणि रांगेच्या शेवटी ठेवून दिला. मला वाटलं, मोठी हुशारी केली. सगळे खूश. "आला बाबा फादर माणसांत!"

तो आला. हूक बघितला. मी डोळा मारला. गप्प बसायचं, एवढंच काम होतं त्याला.

"हा मी ठेवलेला नाही."

"ठेवलास की! विसरलास?" मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"मुकादम, माझ्यासाठी केलंत, कळतंय मला. पण मी ठेवलेला नाही."

त्यानं हूक उचलून पंच्यानं पुसला. रागानं नाही, लेकराचं तोंड पुसावं तसा. टोळीत मला आजवर कुणी खोटं पाडलं नव्हतं. मी ओरडलो, "मग जा!"

"बरं," म्हणाला. आणि गेला.

आता तो वारज्यात एका सोसायटीच्या गेटवर असतो. दिवाळीनंतर मी गेलो. मला बघून त्यानं स्वतःची खुर्ची दिली, आपण उभा राहिला. मोडलेल्या पायाची चौकशी केली. ज्यांनी त्याला काढलं त्यांचीही, एकेकाचं नाव घेऊन.

"परत ये," मी म्हणालो. "पूजेचं मी बघतो."

"काय बघाल, मुकादम?"

माफी मागायची तर कशाची? मी भलं करायला गेलो होतो. चूक त्याची म्हणावी, तर तीही सापडेना.

चहा आला. कप हातात घेऊन त्यानं डोळे मिटले. ओठ हलले. तेवढा वेळ मीही कप तोंडाला लावला नाही. का लावला नाही, याचा विचार परतीच्या बसमध्ये करत बसलो. उतरायची जागा मागं गेली तरी कळलं नाही.